बैलगाडीतला व्हिडिओ कॉल

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू व्हायच्या आधी जी धांदल असते, ती मला लिलावापेक्षा जास्त आवडते. मोठ्या होड्या किनाऱ्याला टेकत नाहीत, पाणी उथळ. त्या लांब नांगर टाकून उभ्या राहतात आणि इकडून बैलगाड्या समुद्रात उतरतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात, चाकं निम्मी पाण्यात. मासळी चढली की गाडी ओल्या वाळूवरून कुरकुरत परत. पाठीमागे सुवर्णदुर्ग. हे चित्र मी लहानपणापासून बघतोय. टोपल्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आले, एवढाच काय तो फरक.

गेल्या डिसेंबरात अशीच एक गाडी कडेला थांबली होती. गाडीत एक पोरगा उभा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात हातभर सुरमई. फोनवर पलीकडे कुठला तरी व्यापारी. पोरगा बोटाने सुरमईचे कल्ले उघडून कॅमेऱ्यासमोर धरत होता. "लाल आहेत का बघा. दिसतंय? थांबा, उजेडाकडे करतो." तेवढ्यात बैलाने शेपटी हाणली ती थेट फोनवर. खाली उभी असलेली कोळीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, फोनमधून दाबून बघता येतं काय मासा? यायला सांग त्याला हितं."

मी जुन्या विज्ञानपटांचा नादिष्ट माणूस. त्यामुळे असं काही दिसलं की डोक्यात लगेच जमाखर्च सुरू होतो. चेहरा दाखवणारा फोन सिनेमाने कधीपासून दाखवलाय? १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटात शहराचा मालक भिंतीवरच्या यंत्राची बटणं फिरवून खाली यंत्रघरातल्या मुकादमाला पडद्यावर गाठतो. म्हणजे शंभर वर्षं होत आली. पण गेल्या शंभर वर्षांत एकाही दिग्दर्शकाला त्या चौकटीत बैल घालायचं सुचलं नाही.

या नादाची सुरुवात १९८७ च्या गणपतीत झाली. मुंबईहून आलेल्या काकाने दापोलीतून भाड्याने कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणल्या होत्या. दोन हिंदी आणि एक इंग्रजी. इंग्रजी कॅसेट म्हणजे अंतराळातल्या मारामारीचा पिक्चर असं दुकानदाराने सांगितलं होतं. रात्री आरत्या, फुगड्या झाल्यावर अंगणात वाडीतली पन्नासेक माणसं बसली. दोन हिंदी सिनेमे संपले आणि तिसरी कॅसेट लागली, तर पडद्यावर माकडंच माकडं. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण चालू होतं. मागून कोणीतरी विचारलं, "सेतू बांधायचा भाग काय रे हा?" मारामारी काही होईना, संवादही येईनात. माणसं एकेक करून उठली. काका तर बसल्या जागी घोरायला लागला.

उरलो आम्ही दोघं. मी, कारण मला कळत नसूनही हलवत नव्हतं. आणि आजी, कारण तिला जागायचंच होतं. देवापुढची समई रात्रभर विझू द्यायची नाही हे तिचं काम. ओटीच्या दारात ती अशी बसायची की एक डोळा समईवर आणि एक टीव्हीवर.

तो सिनेमा होता '२००१: अ स्पेस ओडिसी', १९६८ सालचा. त्यात अंतराळस्थानकावर पोहोचलेला एक शास्त्रज्ञ फोनच्या खोलीत शिरतो आणि पृथ्वीवर घरी फोन लावतो. समोरच्या पडद्यावर त्याची लहान मुलगी दिसते. बाप काहीबाही विचारतो, मुलगी खुर्चीत चुळबुळ करत, इकडेतिकडे बघत उत्तरं देते. खिडकीबाहेर पृथ्वी गरगर फिरतेय. माझी नजर त्या पृथ्वीवर आणि पडद्याच्या फोनवर. आजी म्हणाली, "हा काय घरी जात नाही बघ."

मी म्हटलं, तुला कसं कळलं? इंग्रजी आहे ते.

"त्याचं तोंड बघ की. तुझ्या आजोबांचं पत्र असंच असायचं. आधी सगळ्यांची विचारपूस, म्हशीपर्यंत. आणि शेवटच्या ओळीत, रजा नाही."

आजोबा मुंबईत गिरणीत होते. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. कधीकधी दोन्ही चुकायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्रजी समजायला लागल्यावर तो प्रसंग मी पुन्हा पाहिला. बाप आधी विचारतो आई कुठे आहे, मग मुलीला सांभाळणारीची चौकशी करतो, आणि मग सांगतो की उद्या तुझ्या वाढदिवसाला मला येता येणार नाही. आजीचं तंतोतंत बरोबर होतं. मुलीला विचारतो, भेट काय हवी? ती म्हणते, टेलिफोन. तो म्हणतो, टेलिफोन घरात पुष्कळ आहेत, दुसरं काहीतरी सांग.

त्या सिनेमाच्या अचूकपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातले अंतराळवीर जेवता जेवता पाटीसारख्या सपाट पडद्यावर बातम्या बघतात. २०११ साली ॲपलने टॅब्लेटच्या रचनेवरून सॅमसंगला कोर्टात खेचलं, तेव्हा सॅमसंगने ही कल्पना जुनीच आहे म्हणून याच प्रसंगाचा दाखला दिला होता. सिनेमा थेट पुराव्यात! पण मला विचाराल तर त्या सिनेमाचं सगळ्यात अचूक भाकीत म्हणजे त्या मुलीची चुळबुळ. यंत्र कुणीही रंगवेल. बाप अंतराळातून बोलतोय आणि पोरीचं लक्ष भलतीकडेच आहे, हे दाखवायला घरातली माणसं बघितलेली असावी लागतात. ती मुलगी म्हणे दिग्दर्शक कुब्रिकची स्वतःचीच.

त्या प्रसंगाचा शेवटही मला नंतरच कळला. फोन संपतो आणि पडद्यावर बिल येतं, एक डॉलर सत्तर सेंट. हे पाहून मी एकटाच हसलो होतो, कारण तोवर एसटीडी बूथमधले लाल आकडे माझ्या आयुष्यात येऊन गेले होते. १९९३ मध्ये मी शिकायला पुण्याला आलो. घरी फोन नव्हता, वाडीतल्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर होता. दुकानात फोन लागायचा, शेठ पोऱ्याला पिटाळायचा, पोऱ्या पाणंदीतून आमच्या घरापर्यंत धावायचा, आई हात पुसत यायची. तोवर डोक्यावरच्या काळ्या डबीत लाल आकडे पळत असायचे. म्हणून रीत अशी की आधी फोन करायचा, "आईला बोलवा" एवढंच सांगून ठेवायचा आणि दहा मिनिटांनी परत लावायचा. बाकीचे लोक काचेला टेकून उभे. त्या घाईत आईशी बोलणं काय होणार? जेवतोस ना, पैसे पुरतात ना, ठेवते. आकडे बघत बघत बोललेली सगळी बोलणी अशी तुटक.

पडद्याचा फोन येणार हे सिनेमाने ओळखलं, पण तो फुकट होईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. 'ब्लेड रनर' १९८२ चा, त्याची गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्यातला नायकसुद्धा बारमधल्या सार्वजनिक फोनवरून पैसे मोजून व्हिडिओ कॉल करतो. आकाशात उडत्या मोटारी आहेत, माणसासारखी दिसणारी यंत्रं आहेत, पण फोन अजून भिंतीलाच खिळलेला. खऱ्या नोव्हेंबर २०१९ मध्ये आमच्याकडे काजू सोलणाऱ्या बाईच्या कमरेला फोन होता, आणि मोटारी मुंबई-गोवा रस्त्यावर कधीकधी जमिनीपासून चार बोटं उडत होत्या, पण त्याचं कारण वेगळं.

खऱ्या जगातल्या कंपन्यांनाही हे जमलं नव्हतंच. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात 'पिक्चरफोन' मांडला, १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो विकायलाही काढला. भाडं महिना १६० डॉलर. घेणारे मूठभर निघाले आणि ज्याला फोन करायचा त्याच्याकडेही तेच यंत्र हवं ना! शिवाय घरच्या कपड्यांत, न विंचरलेल्या केसांनी कुणाला दिसायची हौस कुणाला असते? माझी आई अजूनही व्हिडिओ कॉल उचलायच्या आधी पदर सारखा करते आणि मग फोन अशा कोनात धरते की मला फक्त तिचा उजवा कान आणि पंखा दिसतो.

चुकांची यादी करायला बसलं तर मजाच आहे. 'बॅक टू द फ्यूचर'च्या १९८९ च्या दुसऱ्या भागात २१ ऑक्टोबर २०१५ हा दिवस येतो. भिंतीवर मोठा सपाट टीव्ही, अंगठा टेकवून पैसे देणं, हे सगळं बरोबर. आणि घराच्या खोलीखोलीत फॅक्स मशीन! दापोलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर 'येथे फॅक्स केला जाईल' ही पाटी अजून आहे. आत फॅक्स नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, पाटी उतरवायला शिडी कोण आणणार. आणि रोज पहाटे साडेपाचला अकरा नातेवाइकांकडून गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' येईल, हे तर कुठल्याच सिनेमात नव्हतं. असतं तर लोकांनी त्याला भयपट म्हटलं असतं.

काही वेळा सिनेमाने भाकीत केलंच नाही, सरळ वस्तू हातात ठेवली. फ्रिट्झ लांगचा १९२९ चा 'फ्राउ इम मोंड', म्हणजे 'चंद्रावरची स्त्री'. हरमान ओबर्थ हा रॉकेटशास्त्रज्ञ त्याचा सल्लागार, त्यामुळे टप्प्याटप्प्याने जळून गळणारं रॉकेट त्यात आहे. उलट चंद्राच्या पलीकडच्या बाजूला श्वास घेता येईल अशी हवा आहे आणि सोनंही! पण खरी गंमत उड्डाणाची. प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागावा म्हणून लांगने आकडे उलटे मोजले. मूकपट, त्यामुळे आकडे पाटीवर एकेक करून लहान होत जातात. पुढे खऱ्या रॉकेटवाल्यांनीही तीच रीत धरली. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं तेव्हा आमच्या ओटीवर शेजारची पोरं टीव्हीसमोर बसून दहापासून शून्यापर्यंत ओरडत होती. शून्याला सगळ्यांनी मिळून जो आवाज केला त्याने कोंबड्या पळाल्या.

'२००१'चा सहलेखक आर्थर क्लार्क पुढे कोलंबोत राहिला, म्हणजे आपल्याच समुद्राच्या खालच्या अंगाला. त्याने १९४५ मध्येच एका लेखात मांडलं होतं की विषुववृत्तावर साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर तीन उपग्रह ठेवले तर ते पृथ्वीबरोबर फिरत एका जागी स्थिर वाटतील आणि जगभर संदेश पोहोचतील. तसंच झालं. फक्त त्याने त्या ठिकाणी माणसं राहतील असं धरलं होतं, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कुणी नको का? माणसाशिवाय यंत्र वर्षानुवर्षं चालेल हे १९४५ मध्ये त्यालाही पटलं नसतं.

त्याच उंचीवरच्या आपल्या उपग्रहांनी २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाचे फोटो पाठवले. मी पुण्यात टाळेबंदीत अडकलेला. पांढरा भोवरा अरबी समुद्रातून वर सरकताना अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत होतो. ३ जूनला सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. त्या दिवशी तिने पदर सारखा केला नाही. फोन खिडकीबाहेर धरला. माड जमिनीपर्यंत वाकून परत उठत होते. ती काहीतरी ओरडून सांगत होती, मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग चित्र थिजलं. अर्धवट वाकलेला माड, तसाच. मग तेही गेलं.

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. टॉवर गेले, खांब गेले, तारा गेल्या. वादळ कुठे आहे हे मला कळत होतं, आई कुठे आहे हे कळत नव्हतं. चौथ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारचा पोरगा मोटरसायकल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, गेला होता, तिथे एका कोपऱ्यात रेंजची एक कांडी येत होती. त्याच्या हातात वाडीतल्या वीस-बावीस घरांची यादी, प्रत्येकाचा मुंबई-पुण्यातला नंबर आणि निरोप. तो एकेकाला वाचून दाखवत होता, फोनची बॅटरी पुरवून पुरवून. माझा निरोप असा होता: "घर आहे. कौलं गेली. आई बरी. वाडीत सात पोफळी उभ्या." लगेच ठेवला.

आजोबांच्या पत्राहूनही तो छोटा होता. वीज यायला पुढे महिना उलटून गेला.

सिनेमातली यंत्रं बंड करतात. '२००१'मधला हाल नावाचा संगणक शांत आवाजात बोलत बोलत माणसांच्या जिवावर उठतो. त्याच्यानंतर किती यंत्रं उठली पडद्यावर, मोजदाद नाही. पण चार्जिंग संपलं म्हणून गप्प पडलेलं यंत्र कुणी दाखवलं नाही. त्यात नाट्य नसतं, हे कबूल. मला मात्र हालच्या लाल डोळ्यापेक्षा त्या थिजलेल्या माडाची जास्त भीती वाटली.

हाल ओठांच्या हालचालीवरून माणसांचं बोलणं ओळखतो. आमच्या आईचा फोन आवाज ऐकूनसुद्धा ओळखत नाही. हल्ली ती टाइप करायचा कंटाळा म्हणून बोलून मेसेज पाठवते. मध्यंतरी ऑफिसात मीटिंग चालू असताना मेसेज आला: "आज बांगड्या तळल्या. तू असतास तर चार खाल्ल्या असत्यास." बांगडे म्हणालेली ती बिचारी. मी संध्याकाळी सांगितलं तर म्हणाली, "मेल्याला मासे माहीत नाहीत, त्याला कुणी नोकरीला ठेवलं?"

एका सिनेमाबद्दल मात्र मला गंमत सुचत नाही. 'सॉयलेंट ग्रीन', १९७३ चा. गोष्ट २०२२ सालच्या न्यूयॉर्कमधली. यंत्रांच्या बाबतीत अगदीच दरिद्री सिनेमा, नवं म्हणावं असं त्यात जवळजवळ काही नाही. आहे तो उकाडा. सगळे सतत घामाने निथळतायत, गर्दी, खायला वड्या. आणि एक दाबून ठेवलेला अहवाल, २०१५ ते २०१९ या वर्षांच्या समुद्र-पाहणीचा. त्यात लिहिलंय की समुद्रातलं प्लवंग संपत चाललंय. प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तारली-बांगड्यापासून वरची सगळी साखळी ज्यावर उभी आहे ते.

आमच्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत, साठीचे. त्यांच्या होडीवर जीपीएस आहे, वायरलेस आहे, आवाजाच्या लहरी तळाशी पाठवून मासळीचे थवे दाखवणारा फिश फाइंडर आहे. मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सल्ला येतो, अमुक ठिकाणी मासळी मिळण्याची शक्यता. तो सल्ला कसा काढतात? उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघतो. हरितद्रव्य म्हणजे त्या प्लवंगाची खूण. सिनेमातल्या कंपनीने जो अहवाल कुलपात ठेवला, त्याच जातीची माहिती आमच्या तांडेलांच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत येऊन पडते. ही कल्पना कुठल्या लेखकाला सुचली नसती.

मी उत्साहाने त्यांना हे सगळं सांगितलं. ते जाळं शिवत होते. सुई न थांबवता म्हणाले, "पूर्वी बाबा पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचे. आता तोच रंग वरून बघून हे सांगतात. चांगलं आहे. पण यंत्र मासा दाखवतं हो, मासा आणत नाही." मग वादळांवर आले. अरबी समुद्र तापतोय, त्यातली वादळं वाढलीत, हे शास्त्रज्ञ सांगतात. तांडेलांचा हिशेब वेगळा. पावसाळ्यातली बंदी दोन महिन्यांची, १ जूनपासून. ती संपून होड्या पाण्यात गेल्या की वाऱ्याचा इशारा येतो आणि परत किनाऱ्याला. "इशारा येतो हे बरंच. बाबांच्या वेळी तो आला नसता आणि आम्ही वाचलो नसतो. पण डिझेलचे पैसे इशाऱ्यात येत नाहीत."

यंदा गणपतीला मला जाता आलं नाही. गाड्यांचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपलं, आणि ऑफिसचं एक काम नेमकं त्याच आठवड्यात. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला. फोन पुतणीच्या हातात दिला होता, ती सहा वर्षांची. मी आधी सगळ्यांची चौकशी केली. आजी कुठे आहे, मोदक झाले का, मांजरीला पिल्लं झाली होती ती किती उरली. ती एका पायावर उड्या मारत उत्तरं देत होती, त्यामुळे मला गणपती, कौलं, कुणाची तरी पैठणी, परत गणपती असं आळीपाळीने दिसत होतं. मग मी म्हटलं, अगं, यंदा मला यायला जमत नाही, दिवाळीला नक्की. काय आणू तुला?

"फोन," ती म्हणाली.

"फोन आहेत की घरात चार-पाच. दुसरं काहीतरी सांग."

पण आरती सुरू झाली होती. तिने फोन ओटीवरच्या पाटावर उपडा ठेवला आणि झांज घ्यायला पळाली. पडदा काळा, आवाज मात्र स्वच्छ. मध्येच माझी आई कुणाला तरी सांगत होती, समईत तेल घाला, रात्र मोठी आहे.